शूमावशीची डावी बाजू

बालवाडीत तिला सगळे शूमावशी म्हणायचे. मुलं म्हणायची, मुलांच्या आया म्हणायच्या, आणि एकदा तर मोठ्या बाईंनी पाहुण्यांना तिची ओळख करून देताना तोच शब्द वापरला आणि मग जीभ चावली. मावशीला त्याचं काही वाटत नसे. काम तेच, तर नाव दुसरं कशाला? वर्गातल्या बाई गाणी शिकवत, रंग शिकवत, आकडे शिकवत. मावशीकडे एकच विषय होता. घरून डायपर बांधून आलेल्या वीतभर पोराला वर्ष संपायच्या आत "मला शू आली" हे वेळेवर सांगता आलं पाहिजे. वेळेवर म्हणजे चड्डी ओली व्हायच्या आधी.

ऐकायला सोपं वाटतं. ज्याला वाटतं त्याने आठवडाभर करून बघावं. पोराला आधी कळतं ते झाल्यावर. पायाशी साचलेल्या पाण्याकडे ते असं बघतं, जणू दुसऱ्याच कुणी येऊन केली आणि पळून गेला. मग काही दिवसांनी होता होता कळायला लागतं. आणि व्हायच्या आधी कळणं ही सगळ्यात शेवटची पायरी. एखाद्या सकाळी पोर खेळता खेळता एकदम थांबतं, हातातला ठोकळा खाली ठेवतं आणि चेहऱ्यावर मोठं आश्चर्य घेऊन हाक मारतं. मावशी त्याला उचलून पळायची, छोट्या भांड्यावर बसवायची आणि काम फत्ते झालं की टाळ्या वाजवायची. त्या टाळ्यांत आपलंच नुकसान आहे हे तिला पुरतं माहीत होतं. ज्याला शू सांगता आली, ते पोर शूमावशीचं राहत नाही. ते वर्गाकडे पळतं. पुढे कधी मोठ्या शाळेच्या गणवेशात रस्त्यात भेटलं, तर आईच्या मागे लपतं. आई म्हणते, "अरे, ओळखलं नाहीस? शूमावशी!" की ते आणखीनच लाजतं. मोठं झाल्यावर ती आठवण कुणालाच नको असते.

तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच पोर होतं, आणि तेही पोर नव्हतं, धाकटा भाऊ होता. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता आणि ही शाळेत. वडील कारखान्यात पाळीवर जायचे, घरी येऊन झोपायचे. त्यामुळे भावाला न्हाऊ घालणं, भरवणं, त्याची लंगोटं धुणं सगळं हिच्याकडे आलं आणि शाळा कधी सुटली ते हिलाही कळलं नाही. लग्नाचंही राहून गेलं. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "नवरा होता हो माझ्या नशिबात, पण रांगेत फार मागे उभा होता. त्याचा नंबर येईपर्यंत दुकान बंद झालं." लोक हसायचे आणि विषय संपायचा. विषय संपावा म्हणूनच तो विनोद होता.

भाऊ मोठा होऊन लिफ्ट दुरुस्त करायला लागला. उंचापुरा, बोलका, दोरखंडांना लोंबकळत काम करणारा गडी. त्याने लग्न केलं, वेगळं घर केलं, पण रविवार ताईचा. मग एका वर्षी त्याचं तोंड सकाळी सुजायला लागलं, बुटात पाय मावेनात, जिन्याच्या चार पायऱ्यांत धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. रक्तदाब कित्येक वर्षं गुपचूप वाढलेला होता, त्याने दोन्ही किडन्या पोखरल्या होत्या आणि भावाला त्याचा पत्ताही नव्हता. आठवड्यातून तीनदा त्याला मशीनला जोडायला लागले. रक्त नळीतून बाहेर काढायचं, मशीनने धुवायचं, परत आत सोडायचं. त्या दिवसांत पाणीही मोजून प्यायचं, कारण प्यायलेलं बाहेर पडायला वाटच उरलेली नव्हती. ताई त्याचं पाणी छोट्या कपाने द्यायची आणि तो रिकामा झालेला कपही हातातून सोडायचा नाही.

डॉक्टरबाईंच्या टेबलावर प्लास्टिकचं अर्धं माणूस होतं, पोट उघडं, आतले अवयव खेळण्यासारखे काढता-घालता येणारे. बाईंनी त्यातल्या दोन्ही किडन्या काढून मावशीच्या तळहातावर ठेवल्या. मुठीएवढ्या, घेवड्याच्या दाण्यासारख्या वाकलेल्या. "या पाठीशी असतात," बाई म्हणाल्या, "खालच्या बरगड्यांच्या आडोशाला. उजवी जरा खाली, कारण तिच्या डोक्यावर यकृत बसलंय." अंगातलं सगळं रक्त दोघींतून पुन्हा पुन्हा जातं. एकेकीत डोळ्यांना न दिसणाऱ्या दहा-दहा लाख गाळण्या. कामाचं ते रक्तात परत, नको ते पाण्याबरोबर बाहेर. अंगात पाणी किती राहू द्यायचं, मीठ किती, हेही त्याच ठरवतात. रक्तदाबावर त्यांचा हात, आणि नव्या रक्ताचा हुकूमही त्यांच्याकडूनच सुटतो.

"म्हणजे घरातली मोठी बहीण," भाऊ म्हणाला. तेवढ्या आजारपणातही त्याच्या जिभेला विश्रांती नव्हती.

बाई हसल्या आणि पुढे सरकल्या. किडन्यांतून निघालेल्या दोन बारीक नळ्या खाली मूत्राशयात उतरतात. नुसत्या उतरत नाहीत, लाटेसारखं आकसत एकेक घोट पुढे ढकलतात, माणूस आडवा झोपलेला असला तरी. मूत्राशय ही ताणणारी पिशवी. भरत आली की मेंदूला निरोप जातो. पिशवीच्या तोंडाशी दोन दारं. आतलं आपलं आपण उघडतं, बाहेरचं आपल्या हुकमात. "लहान मुलांना या बाहेरच्या दाराची किल्ली सापडलेली नसते," बाई म्हणाल्या, आणि मावशीचा चेहरा उजळला. इतकी वर्षं ती ज्या दाराशी उभी होती, ते तिला आज पहिल्यांदा दिसलं.

मग बाईंनी खरं काम काढलं. माणूस एका किडनीवर नीट जगू शकतो. नात्यातलं कुणी दिली, तर भावाचं मशीन सुटेल. भावजयीचा रक्तगट जुळत नव्हता. तिने मान खाली घातली. मावशीने हातातल्या दोन प्लास्टिकच्या किडन्यांपैकी एक भावाच्या हातात ठेवली आणि विचारलं, "कुठली घेता? डावी की उजवी?"

डावी घेतली. डावीची शीर लांब असते, जोडायला सोपी पडते. भावाच्या अंगात ती पाठीशी नाही बसवली, पुढून उजव्या बाजूला, ओटीपोटात बसवली. जुन्या दोन्ही होत्या तिथेच ठेवल्या. मावशी शुद्धीवर आली तेव्हा डाव्या कुशीत कुणीतरी निखारा ठेवल्यासारखी आग होती आणि घशाला कोरड. नर्स वाकून म्हणाली, "भूल देण्याआधी तुमच्या भावाने निरोप ठेवला होता. म्हणाले, ताईला जाग आली की पहिलं हेच सांगा. शू झाली." जोडल्या जोडल्या टेबलावरच नळीतून धार लागली होती. मावशीच्या एका हाताला सुई होती, तरी तिने टाळ्या वाजवल्या. नर्सने रागावून हात धरला, आणि मावशी रडता रडता हसली की हसता हसता रडली, ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही.

"दोघांत मिळून चार होत्या, चारच आहेत," घरी आल्यावर भाऊ लोकांना सांगायचा. "फक्त वाटणीत ताई फसली. मला तीन, तिला एक."

ते वर्ष मावशीच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष. भाऊ दर रविवारी यायचा, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचा, आणि ती त्याच्याकडे डोळे भरून बघत बसायची. आता खरं सांगायचं तर ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या शर्टाच्या खालच्या दोन बटणांकडे बघत होती. तो दारात आला की तिचा पहिला प्रश्न, "पाणी किती प्यायलास?" दुसरा, "शू नीट होते ना? रंग कसा?" तिसरा, "गोळ्या?" गोळ्या महत्त्वाच्याच होत्या. बाहेरून आलेला अवयव शरीर ओळखतं, परका समजून त्याच्यावर तुटून पडतं. त्याला गाफील ठेवायला जन्मभर गोळ्या. "सख्ख्या बहिणीची, तरी परकी?" मावशीने डॉक्टरबाईंना विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, शरीराला नाती कळत नाहीत.

भाऊ कामाला कसा आहे, घरात काय चाललंय, त्याला भीती वाटते का, हे विचारायचं ती विसरली. दोघं त्या किडनीबद्दल बोलायचे तेव्हा नुसतं "ती" म्हणायचे. ती कशी आहे? ती मजेत आहे. हळूहळू अशी वेळ आली की रविवारी मावशी तिचीच वाट बघायची, आणि भाऊ तिला घेऊन यायचा. हे भावाच्या लक्षात आलं. मावशीच्या नाही आलं.

मग भावाने मोठं घर घेतलं आणि कामावरच्या मित्रांना जेवायला बोलावलं. मावशीही गेली. लिफ्टवाले सगळे हसत-खिदळत बसले होते, भाऊ मधोमध, कितीतरी दिवसांनी पूर्वीसारखा. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन सरळ त्या घोळक्यात घुसली आणि बालवाडीत ज्या आवाजात विचारायची त्याच आवाजात, त्याच प्रेमाने तिने विचारलं, "काय रे, शू झाली का?"

मग एकजण फस्सकन हसला, आणि मग सगळेच. कुणीतरी बारीक आवाज काढून म्हणालं, "मावशी, मलापण आली!" भाऊही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. तो उठून तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला.

"ताई, मी तुझ्या बालवाडीतला नाही."

"गोळी घेतलीस? वेळ टळून गेली."

"घेतो."

"घेतो नाही. आत्ता घे. माझ्यासमोर."

"ताई, बाहेर लोक आहेत. मी लहान नाही. माझं मला कळतं."

"तुझं काय? माझी आहे ती!"

शब्द तोंडातून गेला. भावाने ओट्यावरची सुरी उचलली आणि मुठीची बाजू पुढे करून तिच्यासमोर धरली. "मग घेऊन जा परत. एकदाची."

मावशी चपला घालून निघाली. भावजय दारापर्यंत "ताई, ताई" करत आली. तो आला नाही.

त्यानंतरचे रविवार असे गेले, की शत्रूवरही येऊ नयेत. सोमवार ते शनिवार बरं असतं. ओल्या चड्ड्या असतात, रडारड असते, कुणीतरी पायाला मिठी मारून उभं असतं. रविवारी मावशीच्या दोन खोल्यांत तिला कुणी हाक मारत नसे. ती सकाळी उठून भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची. समोरच्या घरात पाहुणे आले की त्यांच्या जिन्यावरच्या पावलांकडे कान द्यायची. ओळखीची नसायची. फोन केला तर भावजय उचलायची. "कामावर गेलेत." "झोपलेत." "बरे आहेत, ताई, खरंच बरे आहेत." कधी त्याने स्वतः उचललाच, तर दोन वाक्यांत आटपायचा. मावशीच्या जिभेवर ते तीन प्रश्न येऊन बसायचे. ती ते गिळायची, मग बोलायला काहीच उरायचं नाही आणि तो फोन ठेवायचा.

तिच्या स्वतःच्या तपासणीची तारीख आली. पूर्वी भाऊ सोबत यायचा. या वेळी ती एकटी गेली, पोटावर थंड जेल लावून घेतलं, पडद्यावर करड्या ढगासारखं काहीतरी पाहिलं. तपासणाऱ्या मुलीने सांगितलं, "छान आहे हो तुमची किडनी. मोठी झालीय. दुसरी नसली की राहिलेली दोघींचं काम अंगावर घेते, मग वाढते." मावशी कपडे नीट करून बाहेर आली आणि बाकड्यावर बसली. तिला ही बातमी फार आवडली होती. कुणाला तरी ती सांगावी असं तिला फार वाटलं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पण परक्या माणसाला काय सांगणार, की माझी किडनी मोठी झाली? ती तशीच उठली आणि चालत घरी आली. वाटेत डाव्या कुशीवर तिचा हात जाऊन राहिला. तिथे आता काहीच नव्हतं, तरी तिथेच जायचा.

त्याच वर्षी बालवाडीत एक मुलगी आली होती. मोठ्या डोळ्यांची, शहाणी, सगळं कळणारी. ती ओली व्हायची नाही, सांगायचीही नाही. धरून ठेवायची. पाय आवळून, ओठ दाबून, चेहरा लालबुंद, पण भांड्यावर बसवलं की थेंब नाही. मावशी दर थोड्या वेळाने विचारायची, "शू आली का? आली ना? कर बरं!" शेवटी त्या मुलीला जंतुसंसर्ग झाला, ताप आला. आठवडाभराने परत आली तेव्हा तिची आई मावशीला म्हणाली, "मावशी, रागावू नका, पण हिला विचारू नका. आम्हीपण बंद केलंय. विचारलं की ती आणखी आवळून धरते." मावशीला तोंडात मारल्यासारखं झालं. तिने तीन दिवस काही विचारलं नाही. नुसती मुलीशेजारी फरशीवर बसून ठोकळे रचत राहिली. चौथ्या दिवशी मुलगी उठली, आपली आपण गेली आणि जाऊन आली. मावशीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती तोंड फिरवून रडली, आणि मुलीसाठी रडली नाही हे काही तिच्यापासून लपलेलं नव्हतं.

तिने ठरवलं, तो आला तर विचारायचं नाही. एकही प्रश्न नाही. पण तो यायला तर हवा.

तो आला रविवारीच, दुपारी. जिन्यावर पावलं वाजली ती हळू होती, म्हणून तिने ओळखली नाहीत. दार उघडलं तर भाऊ. "ये," ती म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली. एवढ्या उकाड्यात त्याने लांब बाह्यांचा शर्ट घातला होता, मनगटापर्यंत बटणं लावलेली. चेहरा मातकट. त्याने चपला काढल्या, आणि पावलांवर पट्ट्यांचे खोल वळ उमटलेले तिला दिसले. तीन प्रश्न एकदम धावत तिच्या दातांपर्यंत आले. तिने दात आवळले. आत जाऊन एक मोठा पेला काठोकाठ भरून आणला.

भावाने पेल्याकडे पाहिलं. मग तो उठला, मोरीपाशी गेला, त्यातलं बरंचसं पाणी ओतून टाकलं आणि तळाशी राहिलेल्या दोन घोटांनी फक्त ओठ ओले केले.

मावशी भिंतीला टेकली. कपाने पाणी दिल्याचे दिवस विसरण्यासारखे नव्हते. तिला सगळं कळलं, तरी ती गप्प राहिली. खालून कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. मग भावाने बाहीचं बटण काढून बाही वर सरकवली. दंडावर सुयांच्या ताज्या खुणा होत्या.

"ताई, ती गेली."

"कधी?"

"झाले सात-आठ महिने. आधी हळूहळू, मग एकदमच." तो फरशीकडे बघत भराभर बोलत होता. "मी गोळी चुकवली नाही, ताई. तुझी शपथ, एकही नाही. त्या दिवशीसुद्धा तू गेल्यावर लगेच घेतली. डॉक्टर म्हणाल्या कधीकधी होतं असं, कुणाचा दोष नसतो. पण तुला कुठल्या तोंडाने सांगू? घेऊन जा म्हणालो होतो ना मी. ते ऐकलं बघ तिने."

"गप्प बस."

"तू जपून दिलेली. मला सांभाळता नाही आली."

"गप्प बस म्हणते ना!"

"काढली नाही. आहे तिथेच आहे. आता आकसत जाईल म्हणतात."

मावशी खाली त्याच्याशेजारी बसली. आता जे तिच्या मनात आलं ते तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही, आणि इथेही सांगू नये, पण तेच खरं आहे. तिला आनंद झाला. तिच्या अंगातली एक वस्तू भावाच्या पोटात मेली होती, भाऊ पुन्हा मशीनला जोडला गेला होता, आणि तिला आधी आनंद झाला. तो रागावला नव्हता. इतके सगळे रविवार तो तिच्यावर रागावून घरी बसला नव्हता, तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून बसला होता. त्याच्या घरात तोही असाच जिन्यावरच्या पावलांना कान देत असेल. या आनंदाची तिला इतकी लाज वाटली की तिने पदराने तोंड झाकलं. दुःख त्याच्या मागोमाग आलंच, आणि ते आलं तेव्हा फार मोठं होतं. ती हुंदके देऊन रडली आणि भाऊही रडला. दोघांनाही एकमेकांचे डोळे पुसायला जमलं नाही, इतकी ती सवय मोडली होती.

मग तिने पहिल्यांदाच त्याच्या शर्टाच्या बटणांकडे न बघता त्याच्या तोंडाकडे पाहिलं. केस पांढरे झाले होते. कधी झाले?

"तुला भीती वाटते का रे?" तिने विचारलं.

भावाने वर सरकवलेली बाही खाली ओढली. मग म्हणाला, "मशीनवर वाटते. चार तास. बाजूचा माणूस बोलत नाही."

"उद्या आहे?"

"उद्या आहे."

"मी येते. बसते बाजूला."

"बालवाडी?"

"एक दिवस करतील चड्ड्या ओल्या," मावशी म्हणाली.